संकोचाचे दुखणे आणि मूलपेशींचा मोह

विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा-बालाघाटकडूनही शस्त्रक्रियेसाठी माणसे नागपूरला येतात. धंतोली-रामदासपेठेतील इस्पितळे आणि ‘मेडिकल’चे बाह्यरुग्ण विभाग त्यांनी भरलेले असतात. कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकावी लागलेले वृद्धही त्यांत असतात. गाठ जाते, जीव वाचतो. परंतु खोकला आला, जिना चढला, नातवाला उचलले की लघवी गळते. मग गृहस्थ लग्नकार्ये टाळू लागतात, देवळात जाणे सोडतात आणि कारण मात्र गुडघेदुखीचे सांगतात.

वस्तुतः यात लाजण्यासारखे काही नाही. मूत्राशयाच्या मुखाशी असलेला संकोचक स्नायू ग्रंथीबरोबर बराचसा जातो व सारा भार खालच्या स्नायूवर पडतो. त्याला किंवा त्याच्या मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर गळती रेंगाळते. बहुतेकांची ती वर्षभरात पुष्कळ कमी होते. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली स्त्रियांसाठी मांडलेले ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम पुरुषांच्याही कामी येतात. ज्यांना एवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी कृत्रिम संकोचक १९७० च्या दशकापासून आहे. पण त्याची किंमत ऐकूनच कास्तकार उठून जातो.

मूलपेशींचा मोह शिरतो तो याच फटीतून. रुग्णाच्याच स्नायूतील किंवा चरबीतील पेशी घेऊन त्या दुबळ्या स्नायूत टोचावयाच्या, ही कल्पना काही भोंदूगिरीची नव्हे. जपानमधील नागोयाच्या डॉक्टरांनी २०१४ साली अशा ११ पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांपैकी ८ जणांत सुधारणा दिसली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ११ माणसांवरून निष्कर्ष तो कोणता काढावयाचा? ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचा अनुभव तर अधिक बोलका आहे. तेथे स्त्रियांवर झालेल्या स्नायुपेशींच्या उपचाराचा गाजलेला निबंध ‘लॅन्सेट’ने २००७ साली छापला आणि २००८ साली मागे घेतला. रुग्णांची संमती आणि नीतिसमितीची मान्यता, या प्राथमिक गोष्टींतच खोट निघाली होती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत संदिग्ध नाहीत. रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यावयाचे नाहीत. तेव्हा कोणी या गळतीवर ‘पेशींचे इंजेक्शन’ देतो म्हणून रक्कम सांगत असेल, तर त्याच्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. ती नोंदवही कोणालाही पाहता येते.

मेडिकल, मेयो आणि २०१८ पासूनची एम्स, अशा तीन सरकारी संस्था या एका शहरात आहेत. रुग्णांचा तुटवडा त्यांना खचितच नाही. रीतसर चाचण्या येथे व्हाव्यात, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणावी? तोवर निदान एवढे व्हावे, की शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच गळतीची गोष्ट रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितली जावी आणि घरी पाठविण्याआधी व्यायाम शिकविणारा माणूस त्याच्या खाटेपाशी येऊन जावा. या दोन्ही गोष्टींना प्रयोगशाळा लागत नाही.