पदवी मिळाली, पण पद?

डेन्मार्कच्या स्त्रिया पहिल्यापासूनच पुढारलेल्या, असा आपला समज. इतिहास निराळेच सांगतो. १८७५ च्या राजाज्ञेने कोपनहेगन विद्यापीठाचे दार त्यांना उघडले. १८७७ मध्ये नील्सीने नील्सेन आत शिरल्या, १८८५ मध्ये डॉक्टर झाल्या. पण त्या आज्ञेत सरकारी पदांचा हक्क नव्हता! संसदेसाठी मत १९१५ मध्ये मिळाले. पदांचा समान हक्क १९२१ मध्ये, तोही लष्कर व चर्च वगळून. म्हणजे ४६ वर्षांनी! नोकरीवाचून शिकण्याची परवानगी ही अर्धीच परवानगी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. “बी. ए. हो, पण नोकरीचे नाव काढू नकोस,” असे वडील बजावतात. पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्गात असेन. त्यांच्याशी बोलायला हवे.