उकळलं की जंतू मरतात?



तीसेक वर्षं मी शाळेत मुलांना एक वाक्य शिकवलं : "उकळलं की जंतू मरतात." फळ्यावर लिहून दिलं, परीक्षेत विचारलं. ते वाक्य अर्धवट होतं हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि नातवाला आजारी पडावं लागलं.

झालं असं. मे महिन्यात पाहुणे यायचे म्हणून पातेलंभर भात लावला होता. पाहुणे आलेच नाहीत. पातेलं रात्रभर ओट्यावर झाकून राहिलं. सकाळी मी वास घेऊन पाहिला, भात अगदी चांगला होता. सून म्हणाली, "आई, रात्रभर बाहेर होता, टाकूया का?" मी तिलाच ऐकवलं, "अन्न टाकू नये. आणि फोडणीत परतल्यावर काय राहतंय त्यात?"

दोन तासांत नातवाला उलट्या सुरू झाल्या. मागोमाग मलाही.

डॉक्टरांनी आधी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते विचारलं. मग म्हणाले, "हे भाताचंच दिसतंय." बॅसिलस सेरियस नावाचा जंतू मातीत असतो, तिथून तो तांदळात येतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळच्या फोडणीत जंतू मरतात, पण ते विष तसंच राहतं. त्याला ना वास, ना चव! जखमेच्या हातानं वळलेल्या पेढ्यांतून बाधतो तो स्टॅफिलोकॉकसही याच जातीचा. त्याचंही विष उकळून जात नाही.

कुणी म्हणेल, आम्ही लहानपणापासून शिळा भात खातोय, काही झालं नाही. मीही हेच म्हणत होते. पण आठवून बघा, पोटं तेव्हाही बिघडायचीच. आपण 'काहीतरी बाधलं' किंवा 'नजर लागली' म्हणायचो आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायचो.

अन्न टाकू नये हा संस्कार मला आजही पटतो. पण अन्न वाचवायचं ते रात्री, सकाळी नाही. मुळात बेतानं शिजवावं. उरलंच तर मोठ्या पातेल्यात ठेवू नये, ते आत फार वेळ गरम राहतं. परातीत पसरून निववावं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावं. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र मुकाट्यानं टाकावा. तो वाचवण्यापायी सगळं घर आजारी पाडण्यात कसली आली काटकसर?

आमच्यावर उपचार साधाच झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, कारण विषावर त्याचा उपयोग नाही. जलसंजीवनी घोट घोट पाजायला सांगितली. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून पटकीच्या हजारो रोग्यांना वाचवलं, तीच ही युक्ती. पण पाणीही पोटात ठरत नसेल, शौचातून रक्त पडत असेल, ताप खूप चढला असेल, लघवी होत नसेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर घरी थांबू नये.

संध्याकाळपर्यंत नातू उठून बसला. मी सुनेला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." सासूला हे म्हणणं जड जातं, पण म्हटलं.

असो. माझे जुने विद्यार्थी कुणी हे वाचत असतील, तर पोरांनो, वहीतलं ते वाक्य तेवढं दुरुस्त करून घ्या : उकळलं की बरेच जंतू मरतात, पण त्यांनी केलेलं विष मरेलच असं नाही.