फळीची जागा ठेकेदार नाही, ग्रामसभा ठरवणार



खुटकटाई होत आली. आता ठेकेदाराची माणसं गावोगाव फिरतील आणि म्हणतील, "फळी डांबरी रस्त्यावर लावू, गाडीला सोयीचं पडते." आमचं म्हणणं असं की, गाडीची सोय बघू, पण सगळ्यात शेवटी.

2006 च्या वनहक्क कायद्यात तेंदूपान गौण वनउपज म्हणून नावानिशी लिहिलेलं आहे. त्याची मालकी आपली. 2012 च्या सुधारित नियमांत गावपातळीवरची प्रक्रिया, वाहतूक आणि विक्रीसुद्धा आपल्या हक्कात आली. माल आपला, मग जागा खरीददारानं का ठरवायची?

जागा बघताना चार गोष्टी तोलाव्या.

पहिली, बायांची चाल. फळी 2 किलोमीटर लांब गेली तर जाण्यायेण्याचे रोज 4 होतात. हंगाम 15 दिवस चालला तर 60 किलोमीटर, त्यातले अर्धे डोक्यावर ओझं घेऊन, मे महिन्याच्या उन्हात. ही चाल कोणाच्याच हिशेबात येत नाही, कारण तिची मजुरी कोणी देत नाही.

दुसरी, जमीन. पुडके उघड्यावर वाळतात. सावली नको, खोलगट जागा नको. वळवाचं पाणी साचलं की पान काळं पडते आणि नुकसान आपल्या माथी येते.

तिसरी, पाणी. गोणी भरायच्या आधी पानावर पाणी शिंपडावं लागते, नाहीतर चुरा होते. आग लागली तरी पाणी जवळ पाहिजे.

चौथी, रस्ता. रस्ता पाहिजेच, नाहीतर भाव पाडायला निमित्त मिळते. पण पुडके रोज वाहावे लागतात, गोण्या हंगामात मोजक्या वेळा उचलतात. गोण्या ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत नेता येतात. त्याचं भाडं कोण देणार, ते करारनाम्यात लिहून घ्या.

दोन-तीन जागांवर वाद झाला तर भांडू नका. ग्रामसभेत जमिनीवर रेघा ओढा आणि प्रत्येक जागेसमोर खडे ठेवा. चालीला जास्तीत जास्त 5, जमिनीला 5, पाण्याला 3, रस्त्याला 2. चालीचे खडे बायांनीच ठेवायचे. बेरीज सगळ्यांच्या डोळ्यासमोर होईल.

एक मात्र सांभाळा. एका फळीवर दोन-तीन टोल्यांची माणसं येतात. मोठा टोला हात वर करून जागा आपल्याकडे ओढू शकतो. लांबच्या टोल्यात चारच घरं असली तरी आधी त्यांचं ऐका. त्यांची म्हातारी माणसं, गरोदर बाया फळीपर्यंत पोचल्या नाही तर त्यांची वर्षाची रोख कमाई बुडते. ठेकेदारानं आपल्याशी जे केलं, तेच आपण त्यांच्याशी करायचं काय?

जागा ठरली की ठराव लिहा, करारनाम्यात जागेचं नाव टाका. त्याच्यानंतरच सही.

जोहार!