कुंपणाचा खर्च

स्मृतिकारांनीं अठरा व्यवहारपदांत सीमावाद गणला, तो उगीच नव्हे. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें ज्यांच्या मुलांनीं घरें घेतलीं आहेत, त्या वाचकांस आम्ही दोन गोष्टी सुचवितों. तेथील उष्ण व दमट हवेंत लांकडास वाळवी आणि कूज लागते. सबब हलकें लांकूड अखेर महाग पडतें. दुसरें, क्वीन्सलँडच्या २०११ सालच्या कायद्यान्वयें दोन घरांमधील पुरेशा कुंपणाचा खर्च शेजाऱ्यांनीं निम्मेनिम सोसावयाचा. ज्यास अधिक भारी कुंपण हवें, त्यानें वाढीव रक्कम स्वतः द्यावी. मात्र कामापूर्वीं लेखी सूचना व खर्चाचा अंदाज शेजाऱ्यास द्यावा. महिन्याभरांत एकमत न झाल्यास न्यायाधिकरण आहेच. आधीं कुंपण आणि मागून मागणी केल्यास बहुधा पैसाही जातो व शेजारधर्मही.