कात्री चालवा, पण क्रम मोडू नका



या सदरात नेहमी खत, बियाणे, कीड-रोग यांचा विषय असतो. आजचा विषय जरा निराळा वाटेल. पण तो शेवटी बांधावरच येऊन पोचतो, म्हणून सावकाश वाचा.

हल्ली मुलांना शाळा-कॉलेजात प्रकल्प म्हणून छोटी फिल्म करायला सांगतात. कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुले 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून गावात राहायला येतात, तीही प्रात्यक्षिकांचे मोबाइलवर चित्रीकरण करतात. मग दोन-दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसतात. घरातली वडीलधारी मंडळी वैतागतात, "पोरगं काय करतंय त्या डब्यापुढं कुणास ठाऊक!"

मंडळी, ते काम आहे. त्याला संकलन म्हणतात. चित्रीकरण म्हणजे पीक कापून खळ्यावर आणणे, आणि संकलन म्हणजे मळणी अन् उफणणी. खळ्यावर नुसती रास पडली म्हणून दाणे घरात येत नाहीत. भूस उडवावे लागते, खडे वेचावे लागतात.

या कामाचे मूळही आपल्याच मातीत आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे आपण जाणतोच. पण त्याआधी 1912 साली त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवून वाढेपर्यंत थोडी थोडी चित्रे टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पाहणाऱ्यापुढे मिनिटाभरात उभी राहिली. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. घरात सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्यापासूनच्या कामाला हातभार लावत. वेळ आवळून दाखवायची, पण खरे तेच दाखवायचे, हा धडा त्या वाटाण्याच्या फिल्ममध्ये आहे.

आता अलीकडची एक गोष्ट सांगतो. मागच्या खरिपात चार कृषिकन्यांनी सोयाबीनची उगवण चाचणी आणि बीजप्रक्रिया यावर फिल्म केली. चित्रीकरण 43 मिनिटांचे, आणि त्यातून केलेली फिल्म 12 मिनिटांची. गावात दाखवण्याआधी मला दाखवली. पहिली दोन मिनिटे ढग, डोंगर आणि गाणे. पुढे बोलणाऱ्या मुलीचा आवाज वाऱ्यात बुडालेला. एवढे चालवून घेता आले असते. पण पुढे जिवाणू खत बियाण्याला चोळताना आधी दाखवले होते आणि बुरशीनाशक नंतर!

मी म्हटले, "अगं, शेतात तर तुम्ही बरोबर केलं होतंत!"

"हो सर, पण जिवाणू खताचं चित्र फार सुंदर आलं होतं, म्हणून ते पुढं घेतलं."

हीच ती ग्यानबाची मेख. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग गरजेप्रमाणे कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू खत, हाच क्रम आहे. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम थंड गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने लावायचे, कारण सोयाबीनचे टरफल नाजूक असते. मग बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरायचे. जिवाणू जिवंत असतात. त्यांच्यावर नंतर बुरशीनाशक चोळले, तर ते मरतात आणि पाकिटाचे पैसे पाण्यात जातात. हातांनी केलेले बरोबर होते, पण कात्रीने ते चूक ठरवले. पाहणारा शेतकरी तर पडद्यावरचे खरे मानून घरी तसेच करणार.

दुसरी गोष्ट उगवण चाचणीची. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडले आणि पुढच्याच क्षणी मोड आलेले दाणे दिसले. पाहणाऱ्याला वाटावे, रात्रीत उगवले! मधे 'पाचवा दिवस' एवढे दोन शब्द टाकले की शंका मिटली. शिवाय त्यांनी फक्त चांगल्या उगवलेल्या दोन ओळी जवळून दाखवल्या होत्या. मी शंभरच्या शंभर दाणे दाखवायला लावले. त्यांतले 74 उगवले होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते. त्याहून कमी भरली तर एकरी बियाणे वाढवावे लागते. म्हणून न उगवलेले 26 दाणेही पडद्यावर दिसलेच पाहिजेत. त्यांच्यावरच तर सगळा हिशेब आहे.

आता हे दुरुस्त कसे केले, ते सांगतो. तुमच्या मुलांना उपयोगी पडेल.

शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही संकलनाची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कॉम्प्युटर दमदार असेल तर डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरचीही फुकट आवृत्ती आहे. सगळ्यांत पडद्यावर एक आडवी पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. एका ओळीत चित्र, दुसरीत आवाज. तुकडे कापायचे, उचलायचे, मागे-पुढे मांडायचे. या कापण्याने मूळ चित्रीकरणाला धक्का लागत नाही. कुठून कुठवर दाखवायचे, एवढीच नोंद सॉफ्टवेअर ठेवते. म्हणून हात आखडून बसू नये. मात्र मूळ फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि काम चालू असताना त्यांची जागा किंवा नाव बदलू नये. नाहीतर सॉफ्टवेअरला त्या सापडत नाहीत. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. बियाण्याचा राखीव साठा आपण ठेवतोच ना, तसेच.

कॉम्प्युटर जुना असून अडखळत असेल, तर प्रॉक्सी नावाची सोय वापरावी. सॉफ्टवेअर कामापुरत्या हलक्या प्रती करते आणि शेवटची फिल्म मूळ चित्रांतूनच बनते.

कामाला लागण्याआधी कागद घ्यावा. शेतात जो क्रम, तोच कागदावर लिहावा आणि त्याप्रमाणे तुकडे मांडावेत. मग आवाज पाहावा. वाऱ्याचा आवाज सॉफ्टवेअरने थोडा कमी होतो, पण बुडालेले शब्द वर येत नाहीत. मुलींनी खोलीत पंखा बंद करून, मोबाइल जवळ धरून निवेदन पुन्हा बोलून घेतले आणि चित्राखाली जोडले. गाणे काढून टाकले. चित्रपटातले गाणे परवानगीवाचून जोडूही नये. औषधाचे प्रमाण मोठ्या अक्षरांत पडद्यावर घातले आणि दोनदा वाचता येईल इतका वेळ ठेवले.

एक दोष मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरने निघेना. बुरशीनाशक चोळताना मुलीचे हात उघडे होते. तो भाग नुसता कापला असता, तर मुख्य कृतीच गेली असती. तेव्हा हातमोजे घालून तेवढे चित्रीकरण पुन्हा केले. काम पंधरा मिनिटांचे, पण पाहणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न होता.

शेवटी फिल्म सहा मिनिटांची झाली. ती प्रथम ज्या घरी मुली राहत होत्या, तिथल्या मावशींना दाखवली. मावशींना अक्षरओळख बेताची. फिल्म संपल्यावर मुलींनी विचारले, "मावशी, आधी काय लावायचं?" मावशी म्हणाल्या, "आधी बुरशीचं औषध, हातात मोजे घालून. अन् जिवाणूंचं शेवटी, सावलीत." तेव्हाच आम्ही फिल्म पास केली. ज्याला विषय ठाऊक नाही त्याला दाखवून बघावे, यापरती परीक्षा नाही.

तयार फिल्म एमपीफोर प्रकारात काढावी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी धाडली तर चित्र खालावते, म्हणून ती डॉक्युमेंट म्हणून धाडावी.

तेव्हा मायबापहो, पोरगा-पोरगी संकलनाला बसली की रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "हे शेतात याच क्रमानं झालं होतं का? यात राहिलं काय?" तुम्ही तीस-तीस वर्षे पेरणी केलेली माणसे. सॉफ्टवेअर मुलांना येते, पण चुकलेला क्रम तुमच्याच डोळ्याला आधी दिसेल.

तूर्त इतकेच. बियाणे पेरण्याआधी उगवण चाचणी मात्र कराच!