करमाफीचा देश आणि रांगेतली लेखिका

#धागा

आयर्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्या प्रौढ व्यक्तीला एके काळी आठवड्याला १९ युरो १० सेंट मिळत. राहणे आणि जेवण सरकारी वसतिगृहात, आणि नोकरी करण्यास मनाई. २००६ मध्ये नायजेरियातून तेथे आलेल्या मेलाटू उचे ओकोरी या व्यवस्थेत साडेआठ वर्षे राहिल्या. लेखनाला त्यांनी सुरुवात केली ती तिथेच. त्याच काळातील काही वर्षे, त्याच देशात, एखाद्या प्रथितयश कादंबरीकाराला लेखनातून मिळालेल्या उत्पन्नापैकी २,५०,००० युरोपर्यंतच्या रकमेवर आयकर भरावा लागत नव्हता.

दोन्ही गोष्टी कायद्याला धरूनच होत्या. ‘लेखकांवर प्रेम करणारे राज्य’ अशी आयर्लंडची जी ख्याती आहे, तिची तपासणी या दोन आकड्यांपासून सुरू करणे योग्य ठरेल.

ख्याती खोटी नाही. लोकसंख्या अवघी ५० लाखांच्या आसपास आणि साहित्याची चार नोबेल पारितोषिके: येट्स (१९२३), शॉ (१९२५), बेकेट (१९६९), हीनी (१९९५). डब्लिनचे ॲबी थिएटर १९०४ च्या डिसेंबरात उघडले ते ॲनी हॉर्निमन या इंग्रज बाईंच्या पैशावर. पुढे १९२५ मध्ये अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांच्या काळात नवजात आयरिश राज्याने त्याला ८५० पौंडांचे अनुदान दिले आणि इंग्रजीभाषक जगातील ते पहिले राज्य-अनुदानित नाट्यगृह ठरले. नुकतेच यादवी युद्धातून बाहेर पडलेले, तिजोरीत खडखडाट असलेले राज्य नाटकासाठी पैसे काढते, याचे कौतुक करायलाच हवे.

त्याहून जुनी आणि कमी सांगितली जाणारी कथा एका हातछापखान्याची आहे. १९०२ मध्ये एव्हलिन ग्लीसन यांनी डब्लिनजवळ डंड्रम येथे ‘डन ईमर’ ही स्त्रियांची कारागीर संस्था काढली. तिचा छापखाना सांभाळला एलिझाबेथ येट्स यांनी, म्हणजे कवी येट्स यांच्या भगिनीने. १९०८ मध्ये तो वेगळा होऊन ‘कूला प्रेस’ झाला. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, सगळ्या मुली. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’चा इंग्रजी अनुवाद १९१४ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडला, त्याआधी १९१३ मध्ये ॲबीच्या रंगमंचावर त्याचा प्रयोगही झाला होता. छापखाना मात्र सदैव कर्जात असे, आणि नोबेलच्या रकमेतील काही भाग येट्स यांनी त्याची देणी फेडण्यात घातला. लहान प्रकाशनसंस्थेला कुणा ना कुणा पदरमोड करणाऱ्याची गरज लागते, हे तेव्हापासूनचे वास्तव आहे. मुद्दा एवढाच की प्रत्येकीला नोबेलविजेता भाऊ असत नाही.

आता राज्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहू. १९२९ मध्ये प्रकाशन नियंत्रण कायदा आला आणि एका मंडळाला पुस्तकांवर बंदी घालण्याचा अधिकार मिळाला. केट ओब्रायन यांची ‘द लँड ऑफ स्पायसेस’ ही कादंबरी १९४१ मध्ये एका वाक्यापायी बंद झाली. एडना ओब्रायन यांची पहिलीच कादंबरी ‘द कंट्री गर्ल्स’ १९६० मध्ये त्याच वाटेने गेली. जॉन मॅकगहर्न यांचे प्रकरण तर या दोन हातांचे नेमके चित्र आहे. ‘आर्ट्‌स कौन्सिल’मार्फत दिली जाणारी मॅकॉले शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि शिक्षकाच्या नोकरीतून रजा घेऊन ते लिहीत राहिले. १९६५ मध्ये ‘द डार्क’वर बंदी आली. रजा संपवून परतले तेव्हा शाळेची नोकरी गेलेली होती. १९६७ मध्ये कायदा सैल झाला, बंदीला बारा वर्षांची मुदत लागली. तोवर लेखकांची एक अख्खी पिढी लंडनच्या प्रकाशकांकडे वळली होती.

पैसे देणे आणि मोकळीक देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहूनही स्पष्टपणे शिकवते ते आयरिश भाषेतील लेखकांचे उदाहरण. १९२६ मध्ये सरकारने ‘अन गूम’ ही आयरिश भाषेसाठी प्रकाशनसंस्था स्थापन केली. हेतू उदात्त होता: शतकानुशतके दडपलेल्या भाषेत पुस्तके यावीत. मार्ग मात्र अजब निवडला. आयरिशमध्ये लिहिणाऱ्या गुणी लेखकांना इंग्रजी कादंबऱ्यांच्या अनुवादाच्या कामाला जुंपण्यात आले. डोनेगलचा शोसव मॅक ग्रीअना हा त्या काळातील अव्वल दर्जाचा गद्यकार. त्याने कॉनराड आणि स्कॉट आयरिशमध्ये आणण्यात आपली उमेदीची वर्षे घालवली. या मजुरीचा त्याला तिटकारा होता. ऐन तिशीत त्याचे स्वतःचे लेखन थांबले, मानसिक आजार बळावला, आणि १९९० मध्ये निधन होईपर्यंतची तीसेक वर्षे त्याने रुग्णालयात काढली. या शोकांतिकेचे सगळे खापर अनुदानावर फोडणे अन्यायाचे होईल. पण राज्याने त्याला पगार दिला तो त्याला जे लिहायचे होते त्यासाठी दिला नाही, एवढे तर खरेच.

मार्तीन ओ काइन यांच्या ‘क्रे ना किल्ये’ची गोष्ट दुसऱ्या टोकाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात करा येथील छावणीत स्थानबद्ध राहिलेला, कॉनमाराचा हा लेखक. कादंबरीतील सगळी पात्रे थडग्यात पुरलेली आणि तरीही अखंड भांडणारी. ‘अन गूम’ने ती नाकारली. मग ‘सार्शेल आगस डिल’ या एका लहान खासगी संस्थेने ती काढली आणि आज आयरिश भाषेतील विसाव्या शतकाची महत्त्वाची कादंबरी म्हणून तिचेच नाव घेतात. इंग्रजी वाचकांपर्यंत ती पुस्तकरूपाने पोहोचायला २०१५ उजाडले. म्हणजे पासष्टेक वर्षे!

१९६९ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी कलावंतांना करमाफी जाहीर केली. जगभर वाहवा झाली आणि आजही आयर्लंडचा विषय निघाला की हीच योजना प्रथम आठवते. तिचे गणित मात्र कुणी फारसे तपासत नाही. कर माफ होण्यासाठी आधी कर लागण्याइतके उत्पन्न असावे लागते. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती विकणाऱ्या कवीला या सवलतीतून मिळते शून्य. फ्रेडरिक फोर्सिथसारखे खपाऊ इंग्रज कादंबरीकार काही वर्षे आयर्लंडला राहायला आले ते उगाच नव्हे. २००७ पासून २,५०,००० युरोची मर्यादा आली, तेव्हा ‘यू-टू’ या वाद्यवृंदाने आपल्या व्यवसायाचा काही भाग नेदरलँड्सला हलवला. नंतर मर्यादा ४०,००० वर आणि २०१५ पासून ५०,००० वर आली. ती पुष्कळ आधी यायला हवी होती. (जाता जाता: एखादे पुस्तक ‘सर्जनशील’ आहे की नाही, हे या योजनेत ठरवते ते करखाते. समीक्षकांनी हेवा करावा असा अधिकार!)

१९८१ मध्ये ‘एसडाना’ ही कलावंतांची सभा स्थापन झाली. सदस्यसंख्या आज २५० पर्यंत मर्यादित आहे, नवे सदस्य जुने सदस्यच निवडतात आणि गरजू सदस्यांना वार्षिक मानधन मिळते. म्हातारपणी कवीवर उपासमारीची वेळ येऊ नये, ही सोय निश्चितच मोलाची. पण तिथे पोहोचण्यासाठी आधी नावावर लेखनाचा साठा हवा, आणि तो वाचलेले, ओळखणारे समानधर्मी हवेत.

मग ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? याचे उत्तर बहुतेक वेळा राज्याबाहेरून आले आहे. १९६८ मध्ये डेव्हिड मार्कस या कॉर्कच्या ज्यू संपादकाने ‘आयरिश प्रेस’ या दैनिकात नव्या लेखनाला दर आठवड्याला एक पान मिळवून दिले. रोजच्या वर्तमानपत्रात, लाखभर घरांत जाणाऱ्या कागदावर, अनोळखी माणसाची कथा! १९७१ पासून या पानाला जोडून हेनेसी पुरस्कार सुरू झाले. कोलम मॅककॅन, जोसेफ ओकॉनर ही नावे त्याच परंपरेतून पुढे आली.

स्त्रियांना तेवढ्यानेही भागले नाही. १९७५ मध्ये ‘आर्लन हाउस’, १९८४ मध्ये ‘ॲटिक प्रेस’, आणि १९८१ मध्ये गॉलवेत जेसी लेंडेनी यांनी उभारलेली ‘सॅमन’ या संस्था त्यासाठीच लागल्या. रीटा ॲन हिगिन्स यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, कारखान्यात काम केले. क्षयरोगाने रुग्णालयात पडून असताना त्या वाचू लागल्या. त्यांचा पहिला संग्रह १९८६ मध्ये ‘सॅमन’ने काढला. हे काम नसते झाले तर काय झाले असते, याचा पुरावा १९९१ मध्ये सर्वांसमोर आला. ‘फील्ड डे’च्या आयरिश साहित्याच्या भल्यामोठ्या तीन खंडांच्या संपादकमंडळात एकही स्त्री नव्हती आणि आतील निवडही तशीच होती. गदारोळ उठला. २००२ मध्ये स्त्रियांच्या लेखनाचे आणखी दोन खंड आले. चूक निस्तरायला अकरा वर्षे लागली, आणि तरी ते खंड ‘पुरवणी’सारखेच मागे जोडलेले राहिले.

वर्गाचा प्रश्न त्याहून अवघड, कारण तो कुणी उघड विचारत नाही. डॉनल रायन यांच्या दोन कादंबऱ्यांना मिळून ४७ नकार आले. ‘लिलिपुट प्रेस’मध्ये उमेदवारी करणाऱ्या सारा डेव्हिस-गॉफ यांनी न मागवलेल्या हस्तलिखितांच्या ढिगातून रायन यांचे लेखन उचलले, २०१३ मध्ये रायन बुकरच्या प्रदीर्घ यादीत होते. इतके होऊनही २०१७ मध्ये ते पुन्हा सरकारी नोकरीवर रुजू झाले. घर चालत नव्हते! डेव्हिस-गॉफ यांनी लिसा कोएन यांच्यासह २०१४ मध्ये ‘ट्रॅम्प प्रेस’ काढले आणि माइक मॅककॉर्मॅक यांची ‘सोलर बोन्स’ छापली. तिने गोल्डस्मिथ्स पारितोषिक मिळवले, पण बुकरसाठी ती पात्रच नव्हती, कारण प्रकाशक ब्रिटनमधील नव्हता. ब्रिटिश आवृत्ती निघाल्यावरच ती यादीत गेली. आयर्लंडमध्ये प्रकाशित कादंबऱ्यांना बुकरचे दार २०१८ मध्ये उघडले.

आणि आता पुन्हा ओकोरी. २००९ मध्ये ‘मेट्रो एरन’ या स्थलांतरितांनी चालवलेल्या वृत्तपत्राच्या लेखनस्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले. ‘धिस होस्टेल लाइफ’ हा त्यांचा तीन कथांचा लहानसा संग्रह २०१८ मध्ये ‘स्केन प्रेस’ने काढला. शीर्षककथा वसतिगृहातील सामानवाटपाच्या रांगेत घडते आणि निवेदिका ज्या इंग्रजीत बोलते ते डब्लिनचेही नाही आणि लंडनचेही नाही. पुढच्याच वर्षी ‘विरागो’ने तो लंडनमध्ये पुन्हा काढला. याच ‘स्केन’ने २०२० मध्ये ओईन डे व्हारदून यांनी सांगितलेल्या ट्रॅव्हलर समाजाच्या कथा प्रसिद्ध केल्या. या भटक्या समाजाला स्वतंत्र वांशिक ओळख राज्याने २०१७ च्या १ मार्चला दिली, म्हणजे कथासंग्रहाच्या तीन वर्षे आधी. कथा मात्र शेकडो वर्षे तोंडी चालत आलेल्या.

‘स्केन’ आणि ‘स्टिंगिंग फ्लाय’ यांनी आर्ट्‌स कौन्सिलच्या साहाय्याने प्रातिनिधित्व न मिळालेल्या लेखकांसाठी शिष्यवृत्तीही सुरू केली. राज्याचा पैसा सर्वांत चांगला खर्च होतो तो इथे: पुस्तक होण्याआधी, लहान संस्थेच्या हातून, आणि काय लिहावे हे न सांगता. करमाफीत वाचलेला प्रत्येक युरो या बाजूला वळवला पाहिजे, असे म्हणण्यास वरील सगळा इतिहास पुरेसा आहे.

२०२२ मध्ये आयर्लंडने आणखी एक धाडस केले: २,००० कलावंतांना तीन वर्षे दर आठवड्याला ३२५ युरो. अर्ज आले ९,००० हून अधिक आणि निवड झाली चक्क सोडतीने. सोडतीची थट्टा झाली, पण ‘अन गूम’ आणि ‘फील्ड डे’चा अनुभव असलेल्या देशात परीक्षकांच्या अभिरुचीपेक्षा चिठ्ठी अधिक न्यायी ठरू शकते, हा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ही योजना पुढे कायम ठेवण्याचा निर्णयही झाला.

अडचण चिठ्ठीच्या आधीची आहे. पात्र ठरण्यासाठी तीनपैकी दोन पुरावे मागितले गेले: कलावंतांच्या संस्थेचे सदस्यत्व, कलेतून मिळालेले उत्पन्न, किंवा कलाक्षेत्रातील सक्रियता. शिवाय मिळणारी रक्कम उत्पन्न म्हणून धरली जात असल्याने आपला भत्ता घटेल, ही अपंगत्व भत्त्यावर जगणाऱ्या कलावंतांची धास्ती पहिल्या दिवसापासून होती. ही योजना २००९ मध्ये असती, तर वसतिगृहातल्या ओकोरी यांच्यापाशी स्पर्धेचे एक पारितोषिक होते. उत्पन्नाचा पुरावा त्या आणणार कुठून? आश्रय मागणाऱ्यांना काम करण्याचा हक्क मिळाला तो २०१८ मध्ये, त्यांचे पुस्तक आले त्याच वर्षी.