श्रमदान आमचे, पाणी कोणाचे?

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत पाणलोटाचे काम करत होतो. बीड जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामसभा भरली होती, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. बौद्धवाड्यातल्या बाया पायरीखाली उभ्या होत्या. विषय होता डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. एक म्हातारी खालूनच म्हणाली, "माझ्या चार शेळ्या हायेत, त्या कुठं चारू?" मंडपात हशा पिकला. "आज्जे, पाणी आल्यावर म्हैस घे की," असे कुणीतरी म्हणाले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. प्रोसिडिंग बुकात 'एकमताने' हा शब्द मीच लिहिला. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, जय भीम म्हणणाऱ्या माणसाने.

दोन पावसाळ्यांनी बंधारा भरला. नाल्याकाठच्या विहिरींना पाणी आले, कांदा आला, उसाचे फडही दिसू लागले. संस्थेने फोटो काढले. म्हातारीने शेळ्या कधीच विकल्या होत्या. म्हैस घ्यायला वैरण लागते, वैरणीला शेत लागते, आणि शेत तिच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर नव्हते.

'लोकसहभागातून नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन' हे वाक्य सरकार, संस्था आणि परदेशी देणगीदार सगळेच म्हणतात. ऐकायला गोड आहे. आपण फक्त विचारायचे की लोक म्हणजे कोण, आणि सहभाग नेमका कशात? घाम गाळण्यात की पाणी वाटून घेण्यात?

गाव म्हणजे एकजीव समाज, ही कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मोडीत काढली. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी खेड्यातली संकुचित वृत्ती आणि जातीयता दाखवून दिली. ते अनुभवाचे बोल होते. महाडचे चवदार तळे कोणाचे होते? नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक. १९२४ मध्ये नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला आपल्या लोकांनी ओंजळभर पाणी घेतल्यावर डोकी फुटली. पुढे सनातन्यांनी कोर्टात जाऊन ते तळे खाजगी असल्याचा दावा केला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. कागदावर सार्वजनिक आणि व्यवहारात मालकी जातीची, हा धडा शंभर वर्षे जुना आहे. पाणलोट समित्यांनी तो वाचलेला नाही.

आदर्श गावाची पंचसूत्री तपासून पाहा: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान. पहिल्या दोनच घ्या. ज्याच्या बांधावर कडबा आहे, त्याला चराईबंदीचा त्रास नाही. ज्याच्या घरात गॅस आहे आणि शेतात तुरीच्या पळकाट्या आहेत, त्याला कुऱ्हाडबंदीचा त्रास नाही. बंदी सगळ्यांना सारखी असते म्हणे! शेळी हे भूमिहीनाचे बँकखाते आहे. पोराचे दुखणे निघाले, मुलीचे लग्न ठरले की बोकड बाजारात जातो. ते खाते तुम्ही एका ठरावाने बंद केले आणि बदल्यात काहीच दिले नाही.

आता श्रमदान. दान स्वेच्छेने असते, आणि देणाऱ्याकडे द्यायला काही असावे लागते. आमच्या कामावर 'लोकवाटा' मजुरीतून कापला जायचा. म्हणजे डोंगरावर समतल चर खोदणारी मजूर बाई आपल्या रोजातले पैसे सोडायची, त्या चरात मुरलेले पाणी खाली ज्याची विहीर त्याला मिळायचे, आणि या व्यवहाराला आम्ही सहभाग म्हणायचो. आपल्या आज्या-पणज्यांनी याला वेठ म्हटले होते. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले ते याच फुकटच्या राबणुकीविरुद्ध.

पाणी जमिनीच्या मागे जाते, उतारामागे नव्हे. इंग्रजांच्या १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाच्या पदरात टाकला. ती मानसिकता आजही कायम आहे. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन व्यवस्थापन कायद्यातल्या पाणी वापर संस्थाही जमीनधारकांच्याच आहेत. ज्याचा सातबारा नाही, त्याला पाण्याच्या वाटपात आवाज नाही.

यावर उत्तर येते की गावात पाणी आले तर मजुरीचे दिवस वाढतात, ऊसतोडीला जाणे कमी होते. खरे आहे. मी ते पाहिले आहे आणि नाकारत नाही. पिण्याच्या पाण्याची पायपीटही कमी होते. पण मजुरी हा कामाचा मोबदला आहे. पाणी साठवायला ज्याने हात लावला, त्याचा पाण्यातला वाटा वेगळा. दोन्ही एकच समजायचे असतील, तर बागायतदारानेही श्रमदानाच्या मोबदल्यात फक्त मजुरीच घ्यावी आणि विहिरीवरचा हक्क सोडावा.

हे अशक्य नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी एकरावर नव्हे, माणशी मोजले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, उसाला बंदी, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. हरियाणातल्या सुखोमाजरी गावात तलावाच्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांनाही समान वाटा दिला, तेव्हा डोंगरावरची चराई लोकांनी आपणहून आवरली. क्रम लक्षात घ्या. आधी वाटा, मग बंधन. आपल्याकडे आधी बंधन येते आणि वाटा येतच नाही.

मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण सगळे देतात. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, मग बांबूची विक्री, सगळे कौतुकास्पदच. पण मेंढा हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तिथे गाव आणि समाज जवळजवळ एकच. मराठा, वंजारी, धनगर, मातंग, बौद्ध, पारधी अशा वस्त्यांनी विभागलेल्या गावावर तोच साचा बसवला, की 'गावाचा निर्णय' म्हणजे वरच्या आळीचा निर्णय होतो.

आणि गायरान? आपल्या माणसांनी पडीक माळ फोडून कसायला घेतला तर ते अतिक्रमण. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी याच जमिनींसाठी लढवले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचा शासन निर्णय झाला, तरी कित्येकांच्या हातात अजून फक्त दंडाच्या पावत्या आहेत. २०११ च्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवून तहसीलदार नोटिसा काढतो. त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवला आहे. ते वाक्य नोटिशीत कधी नसते. सौर प्रकल्पाला मात्र तेच गायरान चालते. तेव्हा गुरे कुठे चरणार, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

आपल्या तरुणांनाही एक सांगायचे आहे. पर्यावरण हा सवर्णांचा छंद समजून आपण हा विषय सोडून दिला. जयंतीचा डीजे आणि बॅनर यांवर चार बैठका होतात, पाणलोट समितीच्या निवडीला मात्र आपल्यातला एकही जण नसतो. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाची आणि सामूहिक शेतीची मागणी केली होती. संसाधनांचा प्रश्न आपलाच आहे.

पुढच्या ग्रामसभेत बंदीचा ठराव आला, तर पाठिंबा देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा. भूमिहीन कुटुंबांचा पाण्यातला वाटा किती लिटर किंवा किती तास. चराईबंदीच्या काळात बंदिस्त डोंगरावरचे कापून नेण्याचे गवत पहिल्यांदा कोणाला. मजुरीतून लोकवाटा कापायचा असेल तर तो फक्त बागायतदाराच्या पाणीपट्टीतून. समितीत आपल्या वस्तीतल्या दोन बाया, आणि सभा देवळात नाही, शाळेत. तोंडी होकारावर उठू नका. ठराव पूर्ण वाचून घ्या, आणि विरोध असेल तर नावानिशी नोंदवा, म्हणजे माझ्यासारख्या कुणाला 'एकमताने' लिहिता येणार नाही.